डॉक्टर अत्तारांचा डावा डोळा

डॉक्टर अत्तार पेशंटशी गोड बोलत असत, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तो माणूस त्यांच्या दवाखान्याची पायरी कधी चढलेला नाही असं खुशाल समजा. मी तिथं वीसेक वर्षं चष्म्याचे नंबर काढले. त्या दोन खोल्यांत गोड बोलायचे ते फक्त औषध कंपन्यांचे एजंट. त्यांना डॉक्टर दारातच विचारत, "आज काय आणलंय? थेंब, की नुसताच विश्वास?"

दवाखाना हडपसरच्या भाजीबाजारामागे, पहिल्या मजल्यावर. घराण्याचा धंदा अत्तराचा. पेठेतलं दुकान धाकट्या भावाकडे होतं. डॉक्टरांच्या अंगाला मात्र आयुष्यभर स्पिरिटचाच वास आला. घरी ही मंडळी हिंदी बोलत असतील, पण दवाखान्यात ते सख्ख्या पुतण्याशीसुद्धा मराठीतच बोलत, आणि तेही असं की समोरच्यानं आपलं व्याकरण तपासून घ्यावं.

पेशंट खुर्चीवर बसला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय दिसत नाही?"

"डॉक्टर, टीव्हीवरच्या मालिका धूसर दिसतात."

"मग तक्रार काय आहे?"

एकदा एक निवृत्त प्राध्यापक आले. गाडी चालवायला डोळे योग्य आहेत असा दाखला त्यांना हवा होता. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "दाखला देतो. पण मग सोलापूर रस्ता आपल्या नावावर करून घ्या, म्हणजे बाकीचे लोक आपल्या परवानगीनं मरतील." प्राध्यापक ताडकन उठून गेले. आठवड्यानं मुकाट्यानं मोतीबिंदूची तारीख घेऊन गेले.

आणखी एक आठवतो, मगरपट्ट्यात नोकरी करणारा तरुण. आईला घेऊन आला होता. हातात मोबाइल. म्हणाला, "डॉक्टर, ॲक्च्युअली मी या सर्जरीवर बराच रिसर्च केलाय."

"कुठल्या प्रयोगशाळेत?"

मुलानं मोबाइल खिशात घातला. आई मात्र पदर तोंडाला लावून हसली. तिचं ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं.

असं काही सांगितलं की लोक लगेच म्हणतात, फणस हो, वरून काटेरी आणि आत गोड गरे. मला या लोकांची कीव येते. डॉक्टर अत्तार आतूनही काटेरीच होते. मांजरीहून, लोणी काळभोरहून बसचे धक्के खात येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यात ते स्वतःच्या हातानं थेंब टाकत हे खरं. पण टाकताना "इतके दिवस काय मुहूर्त शोधत होता?" हेही तितक्याच नेमानं ऐकवत. तरी म्हाताऱ्या येतच राहिल्या. आपल्याला खोटं सांगितलं जात नाहीये, हे माणसाला कसं कोण जाणे पण कळतं.

हात थरथरायच्या आधीच त्यांनी ऑपरेशनं बंद केली. मी म्हटलं, "डॉक्टर, हात तर अजून स्थिर आहे."

"थरथरायला लागल्यावर काय, सगळेच बंद करतात," ते म्हणाले. "त्यात अक्कल कसली?"

दवाखानाही मिटला. त्यांचा पुतण्या डॉक्टर जुनेद, पेठेतल्या भावाचा मुलगा, बाहेर शिकून आला होता. त्यानं हमरस्त्यावर चार मजली डोळ्यांचं हॉस्पिटल काढलं आणि काकांना तळमजल्यावर एक खोली दिली. काकांबरोबर मीही तिथं गेले. हॉस्पिटल म्हणजे काय, काचा, एसी आणि सोफे. स्वागताला उभ्या मुली, "हाय आजी, कशा आहात?" म्हणणाऱ्या. डॉक्टर पहिल्या दिवशी आत शिरले तेव्हा एकीनं त्यांनाच विचारलं, "अंकल, अपॉइंटमेंट आहे?"

"होती," डॉक्टर म्हणाले. "तुझा जन्म व्हायच्या आधी."

पुढच्या वर्षी तिथं लेसर मशीन आलं. मोतीबिंदू कापण्यासाठी. रीतसर उद्घाटन झालं, फीत कापली, नगरसेवक आले आणि कोणत्या डोळ्याचं काय करायचं असतं हे ठाऊक नसताना अर्धा तास बोलले. प्रत्येकाच्या हातात गुळगुळीत पत्रक होतं. त्यावर एक गोरी आजी हसत होती आणि खाली छापलं होतं, "टाका नाही. ब्लेड नाही. धोका नाही."

जुनेदनं आदरानं काकांना दोन शब्द बोलायची विनंती केली. डॉक्टर उठले, चष्मा वर करून पत्रक वाचलं आणि म्हणाले, "यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत." आणि बसले.

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

डॉक्टरांचा राग मशीनवर होता असं सगळे समजायचे. जुन्या माणसाला नवं खुपतं, हा हिशेब सोपा असतो, डोकं लागत नाही. खरं म्हणजे मशीन आल्यावर ते पंधरा दिवस ऑपरेशनच्या खोलीत उभं राहून बघत होते. मलाही त्यांनीच समजावून दिलं. डोळ्यातलं भिंग एका नाजूक पिशवीत असतं. लेसर त्या पिशवीला पुढून गोल तोंड पाडतो आणि आतल्या मोतीबिंदूचे तुकडे करतो. काम सुबक, माणसाच्या हातानं होणार नाही इतकं. पण ते करताना आत गॅसचे बुडबुडे तयार होतात. पुढं मोतीबिंदू सुटा करायला सर्जन पिशवीत पाणी सोडतो. त्याच्या आधी गॅसला वाट करून द्यावी लागते.

"तुम्ही कुकरची वाफ जायच्या आधी झाकण ओढता का, बाई?"

"नाही."

"मग तुम्ही अर्ध्या सर्जन आहात."

हिराबाई घुले आल्या त्या दिवशी हॉस्पिटलात मोठी गर्दी होती. हिराबाई मांजरीच्या. घरची उसाची जमीन. निम्मीवर आता इमारती उभ्या राहिल्यात. पोरगा सोपान त्या इमारती बांधणाऱ्यांच्यात भागीदार. गळ्यात साखळी, दोन फोन. काउंटरवर येऊन तो म्हणाला, "आईसाठी सगळ्यात म्हागातलं काय हाय ते दाखवा." साडीच्या दुकानात म्हणतात तसं. आणि स्वागताच्या मुलीनं खरोखरच साडीच्या दुकानात दाखवतात तशी तीन पत्रकं पसरली. आई बाजूला उभी. तिला कुणी काही विचारलं नाही.

या ऑपरेशनला भूल म्हणजे नुसते थेंब. पेशंट जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं. एरवी माणूस चहा थंड व्हायच्या आत बाहेर येतो. हिराबाई आल्या नाहीत. सोपान जिन्याशी येरझाऱ्या घालायला लागला. मी डॉक्टरांच्या खोलीत नंबराची भिंगं पुसत होते, तेवढ्यात जुनेद ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच आत आला. चेहरा पिठासारखा.

"चाचा, पिशवी मागून फाटली. मोतीबिंदू मागं गेला. पडद्यावर."

डॉक्टर उठले नाहीत. "वाफ काढली होतीस?"

जुनेद डोक्यावरच्या टोपीची नाडी सोडायला लागला.

"मी मराठीत विचारलं."

"थोडी... थोडी काढली होती. मला वाटलं पुरेल. पाणी सोडलं आणि एकदम फटकन... आज लिस्ट मोठी होती, चाचा."

"लिस्ट," डॉक्टर म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी चारही मजले पाडले. मग विचारलं, "आत्ता डोळ्याची काय स्थिती आहे?"

"साफ करून बंद केलाय. मागच्या पडद्याच्या सर्जनना फोन केलाय, शहरात. ते आजच घेतो म्हणाले."

"हे ठीक केलंस. बाहेर कोण आहे?"

"मुलगा. मॅनेजर म्हणतायत की सांगूया, आजींना शुगर आहे, मोतीबिंदू फार कडक होता, त्यामुळं..."

"तिची साखर माझ्यापेक्षा कमी आहे. मी सकाळीच बघितली." आता ते उठले. "चल. आणि त्या मॅनेजरला म्हणावं, डोळ्याविषयी बोलायचं असेल तर आधी एखादा उघड."

मीही मागोमाग गेले. वरच्या मजल्यावर हिराबाई खाटेवर आडव्या होत्या, डोळ्यावर पट्टी. सोपान दारात. जुनेदनं सुरुवात केली, "बघा, सर्जरीदरम्यान एक रेअर कॉम्प्लिकेशन..."

"मराठीत," डॉक्टर म्हणाले.

"एक क्वचित होणारी... गुंतागुंत..."

"त्यांना कळेल अशा मराठीत."

सोपानचा आवाज चढला. "काय झालंय काय? सगळ्यात म्हागातलं घेतलंय आमी!"

"मशीन महाग होतं," डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले. "डोळा नेहमीचाच होता."

"ए म्हाताऱ्या, हास्पिटल फोडून टाकीन!"

"सोपान, गप." हिराबाई पडल्या पडल्याच बोलल्या. "माजा डोळा हाय. मला ऐकू दी." मग मान जुनेदच्या आवाजाकडे वळवून म्हणाल्या, "तू आत येकदम विंग्रजीत काय म्हनलास ते मी ऐकलंय. माजा नातू दिसभर त्येच म्हनतो. तवाच मला कळलं काय तरी बिनसलं. आता सांग."

जुनेदनं सांगितलं. मशीननं मोतीबिंदू कापताना आत गॅस धरतो. तो आधी पुरता बाहेर काढायचा असतो. तो कोंडलेला असताना मी पाणी सोडलं. आतली पिशवी फाटली आणि मोतीबिंदू डोळ्याच्या मागच्या भागात पडला. तो काढायला दुसरं ऑपरेशन लागेल. नजर येईल, पण पहिल्यासारखी स्वच्छ येईल असं मी सांगू शकत नाही.

"ह्ये समद्यांना हुतं?"

"नाही. फार थोड्यांना."

"मग मलाच का?"

जुनेदनं एकदा काकांकडे पाहिलं. काका भिंतीवर लावलेल्या त्याच पत्रकातल्या हसऱ्या गोऱ्या आजीकडे बघत होते.

"मी घाई केली," जुनेद म्हणाला.

सोपान पुढं आला तसे डॉक्टर दोघांच्या मध्ये उभे राहिले. अंगानं काडी होते. सोपाननं नुसतं फुंकलं असतं तरी पडले असते. म्हणाले, "मारायचं असेल तर आईला आधी शहरात पोहोचवू. मग परत येऊन मारा. तो कुठं जात नाही, त्याचं हॉस्पिटल इथंच आहे."

सोपानच्या गाडीतून हिराबाईंना शहरात नेलं. डॉक्टर त्यांच्याशेजारी बसून गेले. वाटेत धीर वगैरे दिला असेल असं मला वाटलं होतं. नंतर हिराबाईंनीच सांगितलं, "कुटला धीर? हडपसरच्या पुलापास्नं जे शिव्या देनं चालू झालं, ते पार शहर येईस्तोवर, हितं रस्ते कुनी बांधले, तितं शिग्नल कुनी लावला. ऐकता ऐकता मी डोळ्याचं इसरूनच गेले."

दुसरं ऑपरेशन नीट झालं. पडलेला मोतीबिंदू काढला, काही दिवसांनी कृत्रिम भिंगही बसलं. पण मागच्या पडद्याला सूज आली. ती उतरायला वेळ लागला आणि पुरती उतरली नाही. डॉक्टर दर आठवड्याला बसनं मांजरीला जाऊन त्यांना बघत. एकदा मीही गेले होते. वाटेत नव्या इमारतींवर इटलीतल्या गावांची नावं होती. "उसात इटली," डॉक्टर म्हणाले. "गुऱ्हाळात आता मद्य काढतील."

हिराबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसत नाही?"

"दिसतं समदं. पर दाराची चौकट वाकडी दिसती. सून आदीच वाकडी चालती, त्यात आता चौकट."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, पण परतताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसत होते.

जुनेदही जात असे. चार महिन्यांनी हिराबाई शेवटच्या तपासणीला हॉस्पिटलात आल्या. त्यानं सगळं तपासलं आणि चाचरत म्हणाला, "आजी, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा... हातानं करू, सावकाश. एक पैसा न घेता."

हिराबाई उठल्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "खरं बोललास, लई बरं केलंस. तुज्यावर राग न्हाई. पर दुसरा डोळा तुला देनार न्हाई."

आणि गेल्या. दुसरा डोळा त्यांनी शहरात करून घेतला आणि तो उत्तम झाला.

कथाकीर्तनात खरं बोलणाऱ्याला शेवटी देव भेटतो. इथं जुनेदला काहीच भेटलं नाही. त्यानं ऑपरेशनं कमी केली, मग पुढं ढकलायला लागला, मग आज सर्दी, उद्या पाहुणे. मशीनवर कापड चढलं. मॅनेजर दुसरा सर्जन आणायच्या गोष्टी करू लागला. जुनेद तळमजल्यावर येऊन चष्म्याचे नंबर काढायचा, म्हणजे माझं काम करायचा, आणि माझ्यापेक्षा वाईट.

एक दिवस डॉक्टर त्याच्यासमोर पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसले. हनुवटी यंत्रावर टेकवली. "बघ."

जुनेदनं पाहिलं. "चाचा, डाव्यात मोतीबिंदू बराच पिकलाय. कधीपासून?"

"तू लोकांना सर्दी सांगत होतास तेव्हापासून. कधी करतोस?"

"मी? चाचा, मी शहरात बोलतो, तिथं फार चांगले..."

"तिथं सगळे माझे विद्यार्थी आहेत. माझ्या डोळ्यावर हात ठेवताना त्यांना मी परीक्षेत काय बोललो होतो ते आठवेल. तू कर. लेसरनं."

"लेसरनं?"

"एवढं मशीन काय पूजेला घेतलंय?"

"आणि पुन्हा तसं झालं तर?"

"तर तू बाहेर येऊन बाईंना सांगशील. मराठीत. तुला आता ते येतं."

ऑपरेशनच्या दिवशी मी त्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. दार पुरतं लागत नसे. आतून एकाच माणसाचं बोलणं ऐकू येत होतं, आणि तो माणूस खाली आडवा होता. "दिवा थोडा बाजूला. मला आंधळं करायचंय का? ... हं ... वाफ?"

"काढली, चाचा. पूर्ण काढली."

"मी विचारल्यावर सांगू नकोस. आधी सांगत जा."

मग शांतता. वीस वर्षांत डॉक्टर जागे असून गप्प आहेत असं मी कधी अनुभवलं नव्हतं. नर्सची पावलं वाजली, कसलीशी ताटली वाजली. मग जुनेदचा आवाज आला. "झालं. भिंग बसलं."

"ते उद्या कळेल," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि नजर तपासायला त्यांना माझ्याकडे पाठवलं. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचली. त्याखाली तक्ता छापणाऱ्याचं बारीक अक्षरातलं नाव होतं, तेही वाचलं, आणि त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली. जुनेद दारात उभा होता. त्याच्या खांद्यावरून कुणी पोतं उतरवावं तसा तो सैल झाला. काकांच्या पाया पडायला वाकला तर काका म्हणाले, "वर जा, पेशंट थांबलेत." तो जिन्यावरून एकेक पायरी गाळत वर गेला.

तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बाई, दार लावा."

मी लावलं.

"डाव्या कडेला एक काळी कोर दिसते. नखाच्या चंद्रासारखी. समोर लख्ख आहे, पण कडेला कुणी पडदा धरून उभं आहे असं वाटतं."

माझ्या हातातलं भिंग तसंच राहिलं. "सूज असेल का?"

"नाही. सगळं जागच्या जागी आहे. नव्या भिंगाची सावली पडते ती. फार कमी जणांना पडते. कुणाच्या हाताची चूक नसते. बहुतेकांची काही महिन्यांत जाते, काहींची जात नाही."

"मी जुनेदना बोलावते."

"खबरदार," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच. "तो पुस्तक उघडेल. यात आपली चूक नाही, हे त्याला पुस्तकात सापडेल. आणि तरी उद्याची सगळी ऑपरेशनं रद्द करेल."

"पण डॉक्टर, तुम्हीच तर त्यांना सगळं खरं सांगायला लावलंत."

"तो डोळा हिराबाईंचा होता," डॉक्टर म्हणाले. "हा माझा आहे. माझ्या डोळ्याविषयी खोटं बोलायचा अधिकार मला आहे. तुमच्या कागदावर काय दिसतं ते लिहा. काय दिसत नाही, ते लिहायला तिथं रकाना नाही."

मी लिहिलं. तक्त्याप्रमाणं नजर उत्तम.

मशीनवरचं कापड निघालं. जुनेद पुन्हा ऑपरेशनं करू लागला. दिवसाला मोजकीच, मॅनेजर कितीही कण्हला तरी त्यानं आकडा वाढू दिला नाही. पत्रकं नवी छापली. गोरी आजी राहिली, तिसरं वाक्य गेलं. प्रत्येक पेशंटला तो स्वतः बसवून सांगे की काय होऊ शकतं. दोघं-तिघं ऐकून उठून जात, बाकीचे राहत.

त्या पावसाळ्यानंतर डॉक्टर मुलीकडे साताऱ्याला राहायला गेले, ते परत आलेच नाहीत. तिथंच वारले. ती कोर गेली की राहिली, मला माहीत नाही.

जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, म्हणाले, "बाई, भिंगं पुसताना रुमाल धुतलेला वापरत जा," आणि निघाले. एवढाच निरोप. जुनेद चहाचा कप घेऊन माझ्या खिडकीशी उभा होता. बाहेर डॉक्टर रस्ता ओलांडायला दुभाजकाशी थांबले होते. पांढरा सदरा, बगलेत छत्री. डावीकडून गाड्या धो धो येत होत्या. त्यांनी मान डावीकडं वळवली. सगळे वळवतात तेवढी नाही. पार खांद्यापर्यंत, एखादा कावळा बघतो तशी. थांबले. पुन्हा तशीच वळवली. मग दोन पावलं पुढं टाकली आणि तिसऱ्यांदा वळवली.

"चाचा मान अशी का वळवतायत?" जुनेदनं विचारलं. त्याचा कप हवेतच थांबला होता.

"रिक्षावाल्यांना शिव्या देतायत," मी म्हणाले.

तो हसला, चहा संपवला आणि वर ऑपरेशनला गेला. बाहेर एक रिक्षा करकचून थांबली, आणि डॉक्टर अत्तार खरोखरच तिच्यावर छत्री उगारून काहीतरी बोलत होते.